साचा आधी, यंत्र नंतर



गेल्या काही महिन्यांत आम्ही ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेलो, तिथं एक प्रश्न हमखास निघाला. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो. एक बाई लहानशा यंत्रात रंगीत कागद सरकवते, दांडा फिरवते, आणि पलीकडून फुलं, पानं, फुलपाखरं कापून बाहेर पडतात. ताट भरायला पाच मिनिटं लागत नाहीत. मग विचारणा होते, "ताई, आपण घेऊ या का हे? गटातनं कर्ज मिळंल का?" या यंत्राला डाय-कटिंग मशीन म्हणतात. कर्ज मिळेल का, हा प्रश्न सोपा आहे. ते फिटेल का, यावर आज बोलायचं आहे.

आधी यंत्र काय करतं ते बघू. डाय म्हणजे साचा. सगळ्या पुऱ्या एकसारख्या हव्या असल्या की आपण मोठी पोळी लाटतो आणि वाटीची कड दाबून गोल कापत जातो. ती वाटी म्हणजेच डाय. फरक एवढाच, की वाटीची कड बोथट असते आणि या साच्याची कड पोलादाची, धारदार असते. कणीक मऊ, म्हणून हाताचा दाब पुरतो. जाड कागदाला तेवढ्यानं भागत नाही. म्हणून रसवंतीच्या चरकासारखे दोन रूळ. खाली प्लास्टिकची जाड पाटी, तिच्यावर कागद, कागदावर साचा धार खाली करून, त्याच्यावर दुसरी पाटी, अशी चवड लावायची आणि दांडा फिरवून ती रुळांमधून पलीकडं काढायची. वीज लागत नाही. भारनियमन असलेल्या गावाला ही मोठी सोय आहे.

साच्यांचे दोन प्रकार. एक पातळ पत्र्यासारखा. त्यानं नाजूक नक्षी निघते, पण एका वेळी कार्डशीटचा एकच थर कापला जातो. दुसऱ्यात लाकडात किंवा फोममध्ये पोलादी पातं बसवलेलं असतं. त्याची नक्षी साधी, पण फोम शीट, फेल्ट, कापड, कागदाचे चार-सहा थर असं जाड काम तो करतो. त्याची धार वर असते, म्हणून चवड उलटी लागते: साचा खाली, कागद वर. यंत्र घेताना दोन्ही साचे त्यात चालतात का, हे दुकानदाराला करूनच दाखवायला सांगा. अगदी लहान यंत्रात जाड साचा शिरतच नाही.

तिसरं एक यंत्र वेगळंच आहे. ते विजेवर चालतं, कॉम्प्युटरला किंवा मोबाईलला जोडतात. त्याला साचा नसतोच. पडद्यावर जे चित्र काढाल ते बारीक पात्यानं कापून देतं. ऐकायला हे सगळ्यात भारी वाटतं. पण ते एकेक आकार रेघेरेघेनं कापतं, कागद चिकट मॅटवर लावावा लागतो, धुळीनं त्या मॅटचा चिकटपणा जातो, पातं बदलावं लागतं, आणि गटात कॉम्प्युटरवर बसणारी एक तरी मुलगी लागते. तिचं लग्न झालं की यंत्र बंद. हसू नका, हे आम्ही एकापेक्षा जास्त गावांत पाहिलंय.

म्हणून निवड करताना आम्ही एकच विचारतो. तुम्हाला एकच आकार शंभरदा कापायचाय, की शंभर आकार एकेकदा? पहिलं असेल तर हातयंत्र. दुसरं असेल, म्हणजे रुखवतासाठी नवरा-नवरीची नावं, वाढदिवसाच्या पाट्या, दुकानाचे फलक, तर विजेचं यंत्र. दोन्ही कामं एकाच यंत्रावर करायला गेलं की त्रास होतो.

आता साच्यांकडं येऊ, कारण पैसे खरे तिथं अडकतात. बाजारात तयार साचे भरपूर आहेत, पण ते बघितल्यावर तुमच्या लक्षात येईल की ते आपल्यासाठी बनलेलेच नाहीत. अमेरिकेत अशी हातयंत्रं 1970 च्या दशकाच्या शेवटी शाळांमध्ये गेली. भिंतीवरच्या फलकासाठी अक्षरं कापण्यात शिक्षकांचे तासन्‌तास जायचे, ते वाचवायला. पुढं ती घरोघरी पोचली. त्यामुळं तयार साच्यांमध्ये नाताळचं झाड, बर्फाचा माणूस, भोपळ्याचे चेहरे आणि इंग्रजीची सव्वीस अक्षरं. कोयरी शोधावी लागते. पणती, तुळशीवृंदावन, लक्ष्मीची पावलं, मोदक, गुढी हे तर आणखी शोधावं लागतं. आणि एकेक साचा स्वस्त नसतो. यंत्राबरोबर फुकट मिळालेल्या पाच साच्यांवर धंदा उभा करायचा म्हटलं, तर तुमच्याकडं आणि शेजारच्या गावातल्या गटाकडं तीच पाच फुलं असणार.

यावर एक वाट आहे. लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, औषधाचे डबे यांचे आकार कापण्याला छापखान्यात डाय-पंचिंग म्हणतात. त्यासाठीचे साचे करून देणारे कारागीर मोठ्या शहरांत असतात. प्लायवूडमध्ये आपण दिलेल्या चित्राप्रमाणे खाच पाडून तिच्यात पोलादी पातं वळवून बसवतात. आपली कोयरी, आपला मोर तिथं करून मिळतो. मात्र त्यांचा साचा छापखान्याच्या मोठ्या यंत्राच्या मापाचा असतो. आपल्या यंत्राच्या रुळांमधली फट आणि रुंदी मोजून न्या, जमलं तर यंत्रच पिशवीत घालून न्या. घरगुती यंत्रं साधारण 6 इंच रुंदीची मिळतात, त्याहून मोठी ए-फोर कागद घेणारीही असतात.

आणि आणखी एक गोष्ट, जी यंत्र विकणारा तुम्हाला सांगणार नाही. एकाच आकाराची हजार-दोन हजार नगांची मागणी असेल, तर स्वतःचं यंत्र घेऊच नका. साचा करून घ्या, कागद घ्या, आणि तालुक्याच्या छापखान्यात पंचिंग करून आणा. एका दुपारचं काम. आपण चिकटवायचं, बांधायचं, विकायचं. कापणं हे या धंद्यातलं सगळ्यात छोटं काम आहे. व्हिडिओत तेवढंच दाखवतात, म्हणून ते मोठं वाटतं.

घरसजावटीचं बघू. 2018 मध्ये राज्य सरकारनं प्लास्टिकच्या वस्तूंबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली. सजावटीचं थर्माकोल त्यातच आलं. त्यानंतर गणपतीच्या मखरासाठी कागद, पुठ्ठा, कापड यांना मागणी वाढली. गौरीपुढची आरास, दिवाळीचा आकाशकंदील, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाच्या पुड्यांवर लावायची फुलं, चौरंगाच्या कडेची पट्टी, ही सगळी या यंत्राची कामं. आकाशकंदिलाच्या करंज्या आणि झिरमिळ्या हातानं कापताना किती वेळ जातो हे तुम्हाला माहीतच आहे. पतंगी कागद मात्र पातळ साच्यात नीट कापला जात नाही, फाटतो. त्याला पात्याचा साचा घ्या आणि थरावर थर ठेवून कापा.

खणाच्या कापडाची तोरणं सध्या खूप खपतात. कापड तसंच कापलं तर सुतं सुटतात आणि कोयरीची कड झिजते. ब्लाऊजच्या गळ्याला लावतो ते पेस्टिंग इस्त्रीनं कापडाच्या उलट्या बाजूला चिकटवा, थंड होऊ द्या, मगच साच्याखाली ठेवा. कड कशी कोरून काढल्यासारखी येते. शिलाईकाम करणाऱ्या ताईंकडं खणाच्या, काठापदराच्या कातरणाची पोती पडलेली असतात. दोन गटांनी एकमेकींशी बोलायला हवं, एवढंच.

आता हिशेब. हे आकडे आम्ही समजा म्हणून धरतोय, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा एक तोरण आहे. कापड आणि पेस्टिंग 40 रुपये. मणी, दोरा, गोंद 20. पाट्यांची आणि साच्याची झीज 10. वेळ अडीच तास, तासाला 40 रुपये धरले तर 100. झाले 170. बहुतेक गट हे तोरण 120 ला विकतात. का, तर "घरी बसूनच तर केलंय." म्हणजे आपल्या मजुरीतले 50 रुपये आपण गिऱ्हाइकाला भेट दिले. खुरपणीला गेलो तर मजुरी सोडतो का आपण? मग इथं का सोडायची?

बरं, किंमत 200 ठेवली. मजुरी निघून 30 उरले. यंत्र, साचे, पाट्या मिळून समजा 15,000 रुपयांचं कर्ज गटातून घेतलं, व्याज महिना शेकडा 1 रुपया, फेड 12 महिन्यांत. पहिल्या महिन्याचा हप्ता मुद्दल 1,250 आणि व्याज 150, एकूण 1,400. 30 रुपयांनी भागा. 47 तोरणं. महिन्याला 47, आषाढातसुद्धा. आपल्या गावात एवढी दारं आहेत, पण दर महिन्याला नवं तोरण लावणारी किती? हे गणित बैठकीत फळ्यावर मांडल्यावर एका गटातल्या मावशी म्हणाल्या, "म्हंजे हप्ता सणाला भरायचा आन्‌ बाकीचं वरीस तोंड बघायचं." अगदी तसंच होतं.

याच कारणानं आम्हाला शाळेचं काम महत्त्वाचं वाटतं. सणाला मागणी एकदम येते आणि जाते. शाळा जूनपासून एप्रिलपर्यंत चालते. 2021 पासून निपुण भारत कार्यक्रमात तिसरीपर्यंतच्या मुलांना वाचता यावं, आकडेमोड यावी यावर भर आहे, त्यामुळं वर्गात साहित्य लागतं. ते बाई आणि गुरुजी रात्री घरी बसून कात्रीनं कापतात. पण तिथं फुलपाखरं घेऊन जाऊ नका. वर्ग सजवायला फुलपाखरं एकदा लागतात. शिकवायला काय लागतं, ते विचारा.

एक उदाहरण देतो. अपूर्णांक. एक अख्खी चकती, मग तिचे दोन भाग, तीन, चार, सहा आणि आठ. एका संचात 24 तुकडे. वर्गात मुलांचे दहा गट असतील तर 240 तुकडे. कात्रीनं कापलेले सहावे भाग एकमेकांसारखे येत नाहीत. मूल तीन तुकडे अर्ध्या चकतीवर ठेवतं आणि थोडी फट राहते, नाहीतर तुकडा बाहेर येतो. पुस्तक म्हणतं तीन षष्ठमांश म्हणजे अर्धा, आणि हातातला तुकडा म्हणतो नाही. मखराच्या फुलाची पाकळी थोडी वाकडी गेली तर कुणी बघत नाही. इथं केसभर फरक झाला तर गणित चुकतं. साच्यातून निघालेला प्रत्येक तुकडा सारखा असतो, आणि हीच गोष्ट कात्री देऊ शकत नाही. इथं यंत्राचे पैसे मागायला संकोच नको. असेच भौमितिक आकार, दशक-एककाच्या पट्ट्या, घड्याळाची तबकडी आणि काटे.

दुसरं, बाराखडी. बाराखडीचं प्रत्येक अक्षर वेगळं कापायला बसलात तर साचे आणि कागद दोन्ही पुरणार नाहीत. व्यंजनं वेगळी कापा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार वेगळे कापा, जमलं तर दुसऱ्या रंगात. मूल 'क' ठेवेल, शेजारी काना लावेल आणि 'का' म्हणेल. काना हलवून 'म' ला लावेल. ही मुलाच्या हातची गोष्ट झाली. फक्त सगळ्या अक्षरांची उंची एक हवी, नाहीतर शिरोरेषा वरखाली होते. विजेच्या यंत्रावर पूर्ण शब्द कापणार असाल तर कापण्याआधी कॉम्प्युटरवर अक्षरं एकमेकांत जोडून घ्यावी लागतात. न जोडता कापलं तर यंत्र प्रत्येक अक्षराभोवती वेगळी रेघ मारतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. इंग्रजी सुटं अक्षर कापणाऱ्याला ही अडचण येत नाही, त्यामुळं त्या व्हिडिओंमध्ये हे सापडणार नाही.

फोम शीटची अक्षरं टिकतात, धुता येतात, मुलांच्या हाताला छान लागतात. पण फोमला दोन्ही बाजूंनी एकच रंग. अक्षर उलटं पडलं तर पटकन कळत नाही. आमच्या एका गटात कापणाऱ्या ताईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी स्वतःच युक्ती काढली: कापायच्या आधीच सगळ्या शीटच्या मागं पेन्सिलीनं टिंबं मारून ठेवायची. टिंब दिसलं की पालथं. साक्षर बायकांनीही ती उचलली.

अंगणवाडीबद्दल मात्र आमचं मत थोडं वेगळं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढं कोसबाडला मुलांसाठी जे काम केलं, त्यात महागड्या परदेशी साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपासच्या वस्तू वापरल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला मोजायला चिंचोके पुरतात, आणि ते कागदी चकत्यांपेक्षा चांगले. पान ओळखायला झाडाचं पान द्यावं. अंगणवाडी सेविकेकडं पैसे किती असतात ते आपल्याला माहीत आहे. जे अंगणात फुकट मिळतं ते कागदात कापून तिला विकू नये. तिला रंगीत आकारांचे मोठे संच, चेहऱ्यांचे मुखवटे हवे असतील, तर ते जरूर द्या.

शाळेचे पैसे उशिरा येतात, हेही सांगायला हवं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं, पण त्याच रकमेत खडूपासून डागडुजीपर्यंत भागवायचं असतं. तेव्हा मुख्याध्यापकांना सुरुवातीलाच विचारा, पैसे अनुदानातून देणार, की लोकवर्गणीतून, की बाई स्वतःच्या खिशातून देतायत? गटाचं पावतीपुस्तक, गटाच्या नावाचं बँक खातं आणि नगांची लेखी यादी बरोबर न्या. एका गटानं एका शाळेला सगळा माल तोंडी बोलण्यावर दिला, मुख्याध्यापक बदलून गेले, आणि नवे सर म्हणाले, मला काही माहीत नाही. कागदाचा धंदा करतोय तर एक कागद आपल्याकडंही असू द्या.

मजुरी कशी वाटायची, यावरून गट फुटू शकतो, म्हणून स्पष्ट बोलतो. दांडा फिरवणारी तासाला शेकडो तुकडे काढते. चिकटवणारीचे तासाला दहा-बारा नग होतात. नगावर पैसे दिले तर दांडा ज्याच्या घरी, पैसे त्याच्या घरी. आमचं म्हणणं, पैसे तासावर द्या आणि कामं आळीपाळीनं फिरवा. ज्यांची बोटं दुखतात, कात्री धरवत नाही, अशा काकूंना दांड्याचं काम आधी द्या. त्याला बोटांची नाही, खांद्याची ताकद लागते. आणि यंत्र अध्यक्षांच्या घरी नको. ग्रामसंघाच्या खोलीत ठेवा, नोंदवही ठेवा, गावातल्या चार गटांनी मिळून एकच घ्या. कर्जही चार जागी वाटलं जाईल.

थोडं देखभालीचं. पाट्यांवर साच्याच्या खुणा उमटतात आणि चिरा पडतात, त्यात बिघडलं काही नाही, पण त्या झिजणारच, म्हणून त्यांची किंमत हिशेबात हवी. दर वेळी पाटी उलटी करून घाला, म्हणजे एकाच बाजूला वाकत नाही. बारीक नक्षीत कागद अडकत असेल तर कागद आणि साचा यांच्यामध्ये बटर पेपर ठेवा. एखाद्या कोपऱ्यात कापलं जात नसेल तर जोर लावू नका, पाटीखाली तेवढ्याच भागात एक साधा कागद सरकवा. कार्डशीट 200 ते 250 जीएसएमची बरी. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि कडा दातेरी येतात, तेव्हा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आडवा ठेवा. पॉलिश पेपर साच्यात घालू नका, धार जाते. टेबल पक्कं हवं आणि दोन्ही बाजूंना पाटी बाहेर यायला जागा हवी. रुळांजवळ लहान मुलांना बसवू नका, पदर खोचून घ्या.

ज्या गटांना हे यंत्र स्वतः चालवून बघायचं आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला प्रत्येकी दोन कार्डशीट घेऊन यावं. खणाचा तुकडा आणणार असाल तर पेस्टिंग घरीच लावून आणा, तिथं इस्त्रीची सोय नाही. आणि गावच्या शाळेतल्या पहिली ते तिसरीच्या बाईंकडून, त्यांना काय काय कापून हवंय, याची यादी त्यांच्याच अक्षरात आणा.